शेवटच्या घराचा नळ

आमच्या दारातला नळ गावातला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात खालचा. घनसावंगीच्या बाजूचं आमचं गाव उतारावर बसलेलं, आमचं घर अगदी ओढ्याला लागून. टाकीचं पाणी सुटलं की आधी आमच्याकडे धावतं आणि वरच्या आळीत उरलं तर चढतं. यात आमची हुशारी काही नाही, जमिनीचा उतारच तसा. पण भांडायचं असलं की जमिनीला कोण बोलतं?

त्यात आमच्या नळाची तोटी झिजलेली. कितीही आवळा, धार वाहायचीच. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, तिला आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली, मग चिंधी, मग चिंधीवर चिंधी. नळ दवाखान्यातून आणल्यासारखा दिसायला लागला, गळायचा मात्र थांबला नाही. आमची भांडी भरली की बाकीचं पाणी ओढ्यात जायचं. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

वरच्या आळीतल्या चांगुणाबाईला मात्र वाटत होतं. एका बारशाच्या जेवणात माझ्या सासूबाईंच्या पुढे ताट वाढलं जात असताना ती सगळ्या बायांच्या देखत म्हणाली, "आमच्या वाट्याचं पानी हिचा नळ पिऊन राह्यला." कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्या गप्प बसल्या, म्हणजे सगळ्यांना तेच वाटत होतं. सासूबाईंना, बायनाबाईंना, मी आत्या म्हणते. आत्या न जेवता उठल्या.

एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय त्यात, असं कुणी म्हणेल. पण आत्या मेंढरांमागे हिंडलेल्या घरातल्या. आता कळप नाही, चार शेळ्या आणि थोडं शेत आहे. तरी लोक पोराची नोकरी सांगतात तसं त्या अजून सांगतात, की आमच्या मेंढरानं कधी कुणाच्या पिकाला तोंड लावलं नाही. अशा बाईला दुसऱ्याचं पाणी खाणारी म्हणायचं? घरी येईपर्यंत त्या एकच वाक्य बोलल्या. पुढचं पाणी सुटायच्या आत तोटी बदलायची.

माझे मालक, गोरक्षनाथ, शहागडच्या रस्त्यावर जीप चालवतात. त्यांनी घनसावंगीच्या नळवाल्याला सांगितलं. तो येतो म्हणाला आणि येतो म्हणतच राहिला. एका तोटीसाठी कोण एवढ्या लांब येणार? शेवटी आत्याच जीपमध्ये बसून गेल्या आणि पितळी तोटी व पांढरी टेप घेऊन आल्या. दुकानदारानं प्लास्टिकची पुढे केली होती, ती त्यांनी हातात तोलून परत ठेवली म्हणे. तोटी खोलायचे पाने जीपमधलेच घेतले.

मामा ओसरीवर बसून विचारत होते, की पाइप मोडला तर शेळ्यांना काय पाजणार. आत्यांनी तिकडे कानच दिला नाही. जुनी तोटी गंजून पाइपाला चिकटली होती. आत्यांनी तिच्यावर गोडं तेल सोडलं, वरून कढत पाणी ओतलं. पाइप फिरून भिंतीतच तुटू नये म्हणून तो एका पान्यानं घट्ट धरायला मला लावलं आणि दुसऱ्या पान्यावर स्वतःचं सगळं वजन टाकलं. तोटी कुरकुरली आणि सुटली. मी म्हटलं, जमलं. त्या म्हणाल्या, अजून काय जमलंय.

खरंच जमलं नव्हतं. टेप त्यांनी नव्या तोटीच्या आट्यांवर उलटी गुंडाळली. नवी तोटी फिरवली की टेपचा गोळा होऊन बाहेर यायचा. मामांना आणखीच चेव आला. आत्या खाली बसल्या आणि तो गुंता बोटांत धरून बघत राहिल्या. तरुणपणी त्यांनी चातीवर ढीगभर लोकर कातलेली. पिळाच्या उलट गेलं की सूत सुटतं, हे त्यांच्या बोटांना सांगावं लागत नाही. त्यांनी तोटी आवळताना फिरते त्याच बाजूनं टेप ताणून गुंडाळली. तोटी बसली. आत्यांनी ती बंद करून पुन्हा एकदा दाबली.

पण नळात पाणीच नव्हतं. आमच्याकडे ते आठवड्यानं सुटतं. त्यामुळे दुरुस्ती कोरडी करायची आणि निकालाची वाट बघत बसायचं.

पाण्याच्या दिवशी आत्या सकाळपासून नळासमोर बसल्या. वेळ काही ठरलेली नसते, गावाचं पाणी सोडणारा बबलू टाकीवर जाऊन चावी फिरवील तेव्हा पाणी. दुपार टळली तरी नळ गप्प. मामा म्हणाले, बबलू आज गावातच नसेल. ऊन उतरलं तरी आत्या जागच्या हलल्या नाहीत.

तेवढ्यात वरून चांगुणाबाई येताना दिसली. पाणी आलं नाही त्याचंही खापर आमच्याच डोक्यावर फुटणार, असं समजून मी पदर खोचला.

"बायनाबाई," ती म्हणाली, "आज आमच्या आळीला पार शेवटच्या घरापस्तोर पानी आल्तं. धार तुटली न्हाई."

आत्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "पानी सुटल्तं? कधी?"

"दुपारीच. मंग बंद बी झालं."

आत्यांनी तोटीच्या तोंडाखाली हात धरला. हात कोरडा. मग त्यांनी तोटी उघडली. पाइपात अडकलेलं पाणी भसकन आलं, बादलीचा तळ झाकला आणि संपलं. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. गावात सगळे पाण्याच्या दिवशी तोटी उघडी टाकून खाली भांडं ठेवतात, भांडं वाजलं की पाणी आलं. आम्हाला कधी तशी गरजच पडली नव्हती, आमचा नळ आपोआप वाजायचा. या वेळी आत्यांनी तोटी गच्च आवळली आणि समोर बसून राहिल्या. पाणी येऊन तोटीमागे थांबलं, वर चढलं, सगळ्या आळीची भांडी भरली आणि गेलं. आमच्या दारात एक थेंब पडला नाही.

मामा पोट धरून हसत सुटले. आत्या मात्र अशा ताठ उभ्या राहिल्या, की त्या बाईची सून असल्याचा मला मनापासून अभिमान वाटला.

चांगुणाबाईला सगळं समजायला वेळ लागला नाही. "मी समद्या बायांत बोलले, तर समद्या बायांतच सांगते," असं म्हणून ती चढावर गेली आणि हाका मारमारून तिनं आळी गोळा केली. बाया हंडे घेऊन उतरल्या. त्यांच्यासमोर तिनं सांगितलं, की बायनाबाई आज कोरडी राहिली आणि आपण भरलो, माझं बोलणं मी परत घेते.

कुणाकडून चिमूटभर मीठ न घेणाऱ्या आत्यांनी मला घरातली सगळी भांडी बाहेर काढायला सांगितली. बाया एकेक करून ओतत होत्या, आत्या बघत होत्या. रांजण भरल्यावर त्यांनी त्यातला पहिला तांब्या भरून चांगुणाबाईच्या हातात दिला, ती प्यायली, मग स्वतः प्यायल्या.