बिब्ब्याच्या फुल्या

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि वर्षातून एकदा चमत्कारांचा तास घेते. नारळातून कुंकू काढते, पाण्याने दिवा पेटवते आणि मग प्रत्येकातली मेख उघडी करून दाखवते. मुलींना तो तास फार आवडतो. मलाही आवडतो, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी जरा जास्तच शहाणी असते. यंदा नववीतल्या एका मुलीने हात वर केला.

"बाई, भानामती खरी असती का?"

"नसते," मी म्हणाले.

"तुमाला कसं ठावं?"

मी तिच्यावर डाफरले. पुस्तकात लिहिलंय ते वाच, म्हणाले. खरं उत्तर माझ्याजवळ होतं, पण पंचवीस वर्षांत ते तोंडाबाहेर काढायची हिंमत झाली नव्हती. भानामती नसते हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण आमच्या घरातली भानामती मीच केली होती.

आमचं गाव चौसाळ्याहून थोडं आत. मी नववीत असताना दादांनी, म्हणजे वडिलांनी, माझं लग्न उमापूरकडच्या एका घरात ठरवलं. जमीन भरपूर, मुलगा पंचविशीचा. मला कुणी विचारलं नाही. सुपारी फुटली, बस्ता बांधला, शालू आणि आहेराची लुगडी पत्र्याच्या पेटीत येऊन पडली. मला फक्त तो बस्ता नासवायचा होता. बिब्ब्याचा डाग जन्मात जात नाही हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. परीट कपड्यांवर खूण करायचा ती त्याच्याच काळ्या रसाने. मायच्या औषधाच्या डब्यातून मी एक बिब्बा काढला, तापल्या सुईने टोचला आणि शालूच्या पदरावर दोन रेघा ओढल्या. एक इकडून, एक तिकडून. चुकलेलं गणित वहीत खोडतात तशा.

दुसऱ्या दिवशी मायने पेटी उघडली आणि किंचाळली, "फुली! आगं बया, भानामती!"

तो शब्द माझ्या डोक्यातही नव्हता. घरानेच तो मला आयता दिला. आमच्याकडे भानामती म्हटली की हेच: कपड्यांवर, भिंतीवर, अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. मग काय, मी उठवल्या. दादांच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर, देवघराच्या भिंतीवर, पोळपाटावर. महिनाभर, दिवसाढवळ्या, सगळे घरात असताना. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. जे काम भूत करतंय त्यासाठी माणूस कोण शोधणार? उमापूरची मंडळी सोयरीक मोडून मोकळी झाली आणि मी गोठ्यामागे जाऊन एकटीच नाचले.

पण बिब्बा कुणाला उततो, कुणाला उतत नाही. मला उतला. अंगठा आणि शेजारचं बोट फोडांनी भरलं. ते पहिल्यांदा पाहिलं काकूने. काकू म्हणजे माझ्या चुलत्याची विधवा. मूलबाळ नाही. माझी वेणी घालायची तीच, मला ताप आला की उशाशी बसायची तीच. तिने माझा हात उलटसुलट करून पाहिला, तीळ वाटून खोबरेल तेलात कालवून लावले आणि वर चिंधी बांधली.

"चुलीवर भाजलं म्हन, कुनी इचारलं तर," एवढंच बोलली.

आठवड्याभरात दादांनी एक जाणता, म्हणजे करणी ओळखणारा मांत्रिक, आणला. त्याने घरभर राख उधळली आणि सांगितलं, "ज्यानं केलं त्याच्या हातावर तीन दिसात फोड उठत्याल." चौथ्या दिवशी सकाळी घरातल्या बायका ओसरीत रांगेने बसल्या. आधी माय, मग काकू, मग मी. माझ्या चिंधीतलं बोट ठणकत होतं. मायचे हात स्वच्छ निघाले. काकूने हात पुढे केला, आणि तिच्या उजव्या हाताची बोटं पाण्याने टरारलेल्या फोडांनी भरली होती. माझ्यापर्यंत पाळी आलीच नाही.

दादांनी तिच्यावर हात उचलला नाही. "उद्यापासून आखाड्यावर ऱ्हा," म्हणाले. आखाडा म्हणजे आमच्या शेतातलं जनावरांचं शेड आणि त्याला टेकून एक पत्र्याची खोली. काकू तेव्हापासून तिथे म्हशींत राहते. घरात लग्न असो की बारसं, तिला बोलावणं नसतं. ताट तेवढं झाकून जातं.

आता यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगते. माझाही विश्वास बसला. फुल्या मी मारल्या होत्या, माझ्या हाताने, तरी तिचे फोड पाहून मला वाटलं की सगळ्याच काही मी मारल्या नसतील. माझ्या मोजणीने त्या चौदा होत्या, लोक तर वीस-बावीस सांगत होते. उरलेल्या काकूच्या असतील. असं मानलं की झोप लागायची. मी दहावी झाले, बीएस्सी झाले, आणि इतकी वर्षं ही एक गोष्ट मी तपासायला घेतली नाही. श्रद्धा अडाणी माणसाला होते असं कुणी म्हटलं की मी गप्प बसते. ती सोय असते, आणि सोय शिकलेल्यांनाही लागते.

नोकरी लागल्यावर एकदा माय टाचेच्या भेगांना बिब्बा लावत होती आणि सहज बोलून गेली, "तुज्या काकूला ह्याचा वाससुदिक सोसत न्हवता." तेव्हा कुठे मला आठवलं. काकूला बिब्बा उततो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणून बिब्बे फोडायचं काम तिच्याकडे कधी नसायचं. तिने महिनाभर फुल्या मारल्या असत्या तर पहिल्याच आठवड्यात हात उतला असता. तो उतला नेमका त्या तीन दिवसांत. बिब्बा हाताळणाऱ्याचा हात उततो हे जाणत्याला ठाऊक असणार; त्या सगळ्या प्रकरणात धड तपासणी केली ती त्याने एकट्याने, आणि काकूने ती हाणून पाडली. हे कळूनही मी आणखी कितीतरी वर्षं गप्प राहिले. दादांची भीती वाटायची, आणि स्वतःचीही.

त्या मुलीने विचारलं त्याच रविवारी मी आखाड्यावर गेले. काकू म्हशीची धार काढत होती.

"काकू, बिब्बा तू आपल्या हाताने लावलास ना?"

"आता कावून इचारतीस?" तिने मान वर केली नाही.

"का लावलास पण?"

"तुजी पाळी आली आसती तर चिंधी सोडाया लावली आसती. मग तुला ठिवली आसती का त्यांनी?" चरवी बाजूला ठेवून ती हात पुसत हसली. "तेराव्या वर्साला आले मी ह्या घरात. तुजी फुली बघितली आन वाटलं, मला कावून न्हाई सुचलं हे?"

मी म्हशीसमोर उभी राहून रडले. माझ्या शाळेचा, पगाराचा, माझ्या मनाने केलेल्या लग्नाचा सगळा खर्च या बाईने भरला होता, आणि मी तिला झाकलेलं ताट पाठवत होते.

पुढच्या आठवड्यात भावाच्या मुलीचं बारसं होतं. काकूला बोलावणं नव्हतंच. मी दादांसमोर बसले आणि शालूपासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तू ल्हान व्हतीस. तुला काय कळतंय? तिच्या हातावरचे फोड म्या ह्या डोळ्यानं बघितलेत."

माझं डोकं फिरलं. मी डब्यातून बिब्बा आणला, त्यांच्यासमोर टोचला आणि त्यांच्यासमोर बोटांना चोळला. "तीन दिवसांनी बघा," म्हणाले. तिसऱ्या दिवशी हात पुढे केला. फोड आले होते, भरघोस. दादांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघ," ते म्हणाले, "आजून सोडीना तिची भानामती तुला."

आयुष्यात इतकी चीड मला कधी आली नव्हती, आणि त्यांना माझी खरोखर काळजी वाटत होती.

बारसं काकूवाचून झालं. मी माझं ताट घेऊन आखाड्यावर गेले. काकूने माझा हात पाहिला आणि कपाळाला हात लावला. "येवढी शिकलीस आन बिब्बा फोडाया यीना तुला!" तीळ वाटले, तेलात कालवले, चिंधी फाडली. गाठ मारताना तेच म्हणाली, चुलीवर भाजलं म्हन.

सोमवारी नववीवर गेले. त्याच मुलीने पहिल्या बाकावरून विचारलं, "बाई, हाताला काय झालं?"

चुलीवर भाजलं, हे अगदी ओठांवर आलं होतं. माझ्या घरात तर चूलही नाही. त्या वर्गात आमच्या गावच्या चार मुली बसतात. मी खडू ठेवला, चिंधी सोडली, हात सगळ्यांना दिसेल असा धरला आणि शालूपासून सुरुवात केली. काहीही गाळलं नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. संध्याकाळच्या गाडीने त्या चौघी गावात उतरतील आणि दिवेलागणीच्या आत घरोघर कळेल की भानामती काकूने नाही, दादांच्या लेकीने केली होती.