उसनं व्हायोलिन

माझी थोरली चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. दुकानाच्या मागे एक बिनखिडकीची खोली आहे, तिथे तिचं यंत्र. भिंगाची कड घासायची, फ्रेममध्ये बसवून बघायची, पुन्हा घासायची. घरी येते तेव्हा नखांत पांढरी पूड असते. तिचं लग्न दोनदा ठरत आलं आणि दोनदा तिकडून नकार आला. मग तिनेच तो विषय बंद केला. धाकटीचं शिक्षण, धाकटीचं लग्न, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं तिच्या पगारातून झालं. स्वतःसाठी काही मागितलेलं मला तरी आठवत नाही.

दुकानाच्या वर हॉल आहे. तिथे संध्याकाळी मुलांचा व्हायोलिनचा वर्ग भरतो. यंत्र बंद केलं की तिला छतातून ऐकू यायचं. मुलं दरवर्षी नवी, चुका मात्र त्याच, असं हसून सांगायची. एकदा वर्गाच्या बाईंचा दुरुस्त केलेला चष्मा द्यायला ती वर गेली आणि दारातच रेंगाळली. बाई तोंडाच्या फटकळ. शिकायचंय का, म्हणून त्यांनी सरळ विचारलं. ही "छे, छे" म्हणत खाली आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर गेली.

व्हायोलिन विकत घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. वर्गाची स्वतःची थोडी वाद्यं आहेत, ती सहामाहीपुरती उसनी मिळतात. अट एकच. सहामाही संपताना सगळ्यांसमोर एक धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. वाजवली तर वाद्य तुमच्याकडे राहतं, नाहीतर ज्याचा नंबर असेल त्या मुलाकडे जातं.

मला आपली नसती काळजी. मान आखडेल, भिंगं घासून आधीच दुखणारी बोटं आणखी दुखतील, लोक काय म्हणतील. पण ती संध्याकाळी दार लावून उभी राहायची, हनुवटीखाली रुमाल घालून, आणि मला तिला अडवणं जमलं नाही. आवाज मात्र भयंकर होता, खोटं कशाला सांगू.

एकदा खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. "वहिनी, तुमच्याकडेही संध्याकाळी नळ कण्हतो का हो? मी वॉशर बदलून घेतला, तरी आवाज काही जात नाही."

मी तोंड उघडायच्या आत थोरली म्हणाली, "हो ना काका, आमच्याकडेही येतो."

वर पोचेपर्यंत तिच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या. त्याच संध्याकाळी तिने दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढला आणि व्हायोलिनच्या तारा ज्या लाकडी घोडीवरून जातात, तिच्यावर लावला. आवाज एकदम डासाएवढा झाला. काकांचा नळ बरा झाला. फक्त आता तिचं तिलाच ऐकू येईना, म्हणून ती गज तारांवर दाबून ओढायला लागली. दुकानात तिने सांगितलं होतं की वर बाईंना हिशेबात मदत करायला जाते. धाकटीला फोनवर माझ्याकडून कळलं तेव्हा तिने थोरलीला फोन द्यायला लावला आणि ती म्हणाली, "ताई, शेजाऱ्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" थोरली हसली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, पुन्हा कुणाला सांगू नकोस.

सहामाहीच्या शेवटच्या दिवशी तू येऊ नकोस असंही तिने बजावलं होतं. मी गेलेच. मागच्या बाकावर सगळ्या तरुण आया बसल्या होत्या. त्यातल्या एकीने सरकून शेजारी जागा दिली आणि विचारलं, "तुमची नात कोणती?" मी पुढच्या रांगेकडे कुठेतरी बोट दाखवलं. ती तेवढ्यावर गप्प बसती तर बरं होतं. तिची मुलगी कधीची वाद्यासाठी थांबली होती. "एक बाई आहेत म्हणे," ती मला म्हणाली, "पोरांचं वाद्य अडवून बसल्यात. हौस असावी, पण वय बघून." मी चपलेच्या पट्ट्याकडे बघत राहिले.

थोरली उठली. मुलं तिच्या कमरेला लागत होती. तिने गज ठेवला, ओढला, आणि काचेवर खिळा ओढावा तसा आवाज हॉलभर फिरला. पोरं खिदळली. मोठ्यांनीही रुमाल तोंडाला लावले. ती थांबली. तिची मान इतकी खाली गेली की व्हायोलिन आता घसरणार असं मला वाटलं.

बाई जागेवरूनच म्हणाल्या, "घरी चिमटा लावून वाजवतेस ना? कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून?"

तिने मान हलवली. सगळ्यांसमोर.

"म्हणून एवढं दाबतेस. गजाला त्याचं वजन आहे, त्यात तुझं घालू नकोस. पहिल्यापासून घे."

तिने घेतलं. सूर डगमगत होते, मध्ये एकदा बोट चुकलं, एका जागी ती नुसतीच उभी राहिली आणि धुनेत थोडं मागे जाऊन पुन्हा तिथवर आली. पण शेवटाला पोचली. टाळ्या अशा कुणी वाजवल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "पूर्ण झालं. वाद्य हिच्याकडे राहील."

माझी शेजारीण उठली. "बाई, माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिचं शिकायचं वय आहे. ह्यांचं आता काय व्हायचंय?"

बाई म्हणाल्या, नियम तो नियम. तिला स्वतःहून द्यायचं असेल तर मात्र मी अडवणार नाही.

सगळा हॉल थोरलीकडे बघायला लागला. ती त्या मुलीकडे बघत होती. झालं, ही आता देऊन टाकणार, मला वाटलं. आजवर हिने दुसरं केलंय काय? तिने व्हायोलिन खांद्यावरून खाली घेतलं, समोर धरलंसुद्धा.

"मला नाही द्यायचं," ती म्हणाली. इतकं हळू, की बाईंना पुन्हा विचारावं लागलं, आणि तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.

मग ती घाईघाईने पेटी बंद करायला लागली. कडी लागेना. तशीच पेटी छातीशी धरून ती मागच्या बाकापाशी आली आणि म्हणाली, "आई, चल." शेजारीण माझ्याकडे बघायला लागली, मग तिच्याकडे, मग परत माझ्याकडे. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मी उठले.

रस्त्यात ती भराभर पुढे चालली होती, माझे गुडघे विसरून. वळणावर थांबली.

"आई, लहान मुलीच्या हातातून ओढून घेतल्यासारखं वाटतंय गं."

"वाटू दे," मी म्हटलं.

दमली असशील, पेटी दे थोडा वेळ, म्हणून मी हात पुढे केला. तिने दिली नाही.