पेंगची वाचलेली जागा

मोठी वस्तू दिसली की आमच्या नवऱ्याच्या अंगाला खाज सुटते. कलिंगड घरात आणलं की आधी त्याच्याभोवती फिरून येतो आणि म्हणतो, "एवढं कशाला?" अरे बाबा, कलिंगड आहे ते! ते काय मी फुगवलंय?

नाव पेंग याओतिंग. आमच्या सिन्चू शहरात त्याला सगळे नुसतं पेंग म्हणतात, मीही तेच म्हणते. लग्नाआधीपासून चिपच्या कारखान्यात आहे आणि इतक्या वर्षांत त्याने एकच काम केलं. होतं ते आणखी बारीक करायचं. बारीक झालं की साहेब टाळ्या वाजवणार आणि म्हणणार, शाब्बास, आता याच्याहून बारीक करा.

तो जी चिप करतो ती चित्रं हलवणारी. पोरं तिच्यावर गेम खेळतात, आणि हल्ली म्हणे यंत्रंसुद्धा तिच्याच जोरावर विचार करतात. माझी देवळाच्या गल्लीत डुकराच्या मटणाच्या गोळ्यांची आणि शेवयांची गाडी आहे. एकदा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी विचारलं, "त्या चिपमध्ये असतं तरी काय रे?"

पेंग स्टूल ओढून बसला. "असं बघ, तुझ्या गाडीवर एक पट्टीचा आचारी ठेवलास. तो झकास सूप करेल, पण एका वेळी एकच. त्याच्याऐवजी हजार बावळट ठेव. एकेकाला फक्त गोळा वळता येतो, बाकी काही नाही. पण सगळ्यांनी एकदम वळला की क्षणात हजार गोळे! आमची चिप म्हणजे ते हजार बावळट."

"एका बावळटाला सांभाळता सांभाळता माझी ही गत झालीय, हजार कुठे ठेवू?"

"म्हणून तर त्यांना बारीक करायचं!" पेंग म्हणाला. टोमणा त्याच्या डोक्यावरून गेला होता.

हे सगळं कारखान्यात ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. हा माणूस ते घरी घेऊन आला. दातांच्या ब्रशचा दांडा त्याने करवतीने अर्धा कापला. वाट्या इतक्या लहान आणल्या की भात वाढताना आपण चिमणीला घालतोय असं वाटावं. माझा चांगला मोठा फ्रिज विकला आणि त्याच्या जागी पाच लहान फ्रिज आणून भिंतीकडेने ओळीने उभे केले. एकात अंडी, एकात भाजी, एकात सासूबाईंचं लोणचं, असं प्रत्येकाला एकेक काम. "पाचही एकाच वेळी काम करतात," हे मला कौतुकाने सांगायचा. पाचही एकाच वेळी तापतात हे नाही सांगितलं. उन्हाळ्यात आमच्या खोलीत शिरवत नाही.

"जागा वाचते श्यूचू," हे त्याचं पालुपद. आणि वाचलेल्या जागेत तो करणार काय? आणखी एक लहान वस्तू आणून ठेवणार! वाचलेली जागा मला कधी बघायलाच मिळाली नाही.

आणि मला ती हवी होती. मला हवं होतं गोल टेबल. चांगलं बारा माणसांचं, मधे फिरती थाळी असलेलं. सासूबाई आमच्याकडे, म्हणून वर्षअखेरच्या जेवणाला सगळं खटलं आमच्याकडेच येतं. दीर, जावा, त्यांची पोरं, आमची दोन. त्या दिवशी सगळ्या घराने एकत्र बसून जेवायचं असतं. आमच्याकडे पंगती उठतात! आधी पोरं, मग पुरुष, मग जावा. शेवटी मी, चुलीपाशी उभी, हातात वाटी, तीही चिमणीची. लग्न झाल्यापासून त्या जेवणाला मी बसलेली नाही. खोटं वाटत असेल तर सासूबाईंना विचारा.

टेबलाचं काढलं की पेंग म्हणायचा, "आता पुढच्या मापाची चिप जमली की आणू." ती जमायची. मग म्हणायचा, "आता त्याच्या पुढची." मला वाटलं, या मापांना कुठेतरी शेवट असेल की नाही? तर गेल्या वर्षी पेंग घरी आला तो तोंड पाडून.

"संपलं," म्हणाला.

"काय संपलं? तांदूळ?"

"बारीक होणं संपत आलंय. भिंती इतक्या पातळ झाल्यात की वीज त्यांच्यातून झिरपते. दार बंद असलं तरी पलीकडे जाते. आता मोजून काही अणूंची भिंत उरलीय, त्याच्या खाली कुठे जाणार? आणि ती मापं तरी कसली, नुसती नावं आहेत. जेवढं म्हणतो तेवढं काही खरंच नसतं."

"म्हणजे माझ्या पाटीवरच्या 'जंबो गोळ्या'सारखं," मी म्हटलं. त्याने मान हलवली. इतकं खचलेलं त्याला मी कधी पाहिलं नव्हतं.

कारखान्याच्या त्सेंग साहेबांनी सांगून टाकलं होतं: बारीक करायचा एक शेवटचा प्रयोग करा, तो फसला तर तुमचा विभाग बंद. पुढे चिपा लहान नाही करायच्या, एकीवर एक रचायच्या. थर लावायचे. थर लावणाऱ्या विभागाचं नाव काढलं तरी पेंग नाक मुरडायचा. "थर काय, कोणीही लावतं! हमालसुद्धा लावतो!"

मी संधी साधली. त्याला सरळ नगरदेवाच्या देवळात नेलं आणि देवासमोर वदवून घेतलं की हा प्रयोग जमला तर टेबल आणीन, आणखी पुढचं माप सांगणार नाही. देवासमोर बोलला म्हणजे आता सुटका नाही. त्या दिवसापासून त्या प्रयोगाची काळजी पेंगपेक्षा मलाच जास्त.

आता पुड्याचं ऐका. आमच्याकडे कुठलंही यंत्र पुड्याशिवाय चालत नाही. नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा यंत्रावर ठेवायचा, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. हिरवाच हवा. पिवळा किंवा लाल ठेवलात तर तुमचं तुम्ही बघा. तारीख उलटलेला चालत नाही. आणि फोडायचा तर मुळीच नाही, तो यंत्राचा खाऊ आहे. बँकेत, इस्पितळात, टोलनाक्यावर, कुठेही बघा. परदेशात शिकून आलेले इंजिनियर यावर हसतात, पण पहिल्याच आठवड्यात दुकानातून पुडा घेऊन येतात.

प्रयोगाच्या यंत्राला पुडा ठेवायचं काम पेंगकडे होतं. धूळ चालत नाही म्हणून पुडा आत नेत नाहीत, खोलीबाहेर यंत्राचं कपाट असतं त्याच्यावर ठेवतात. या कपाटाच्या वर जेमतेम एका पुड्याएवढी जागा. सरळ माणसाने काय केलं असतं? आहे तसा पुडा ठेवला असता. पेंगला काय सुचावं? "जगातली सगळ्यात बारीक रेघ काढणारं यंत्र, आणि त्याला हा ढब्बू पुडा? शोभत नाही!"

त्याने घरी बसून पुडा फोडला. होय, फोडला! हिरव्या कागदाचा अंगठ्याएवढा तुकडा कापला, आत एकच कुरकुरा घातला, कडा इस्त्रीने चिकटवल्या, वर भिंग लावून तारीखसुद्धा लिहिली. आणि ते पिटुकलं कपाटावर ठेवून आला. मला हे सांगितलं कधी? यंत्र बंद पडल्यावर.

बंद म्हणजे ठार बंद. कारण सापडेना. सगळ्या तारा तपासल्या, सगळं धुऊन पुसून झालं, यंत्र आपलं ढिम्म. मग कोणाची तरी नजर कपाटावर गेली. पेंग सांगतो, सगळा विभाग त्या पिटुकल्याभोवती गोळा झाला. एकाने विचारलं, "पेंग भाऊ, बाकीचे कुरकुरे कुठे आहेत?"

तोच प्रश्न मी घरी विचारला. पेंगने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

"आई, तुम्ही खाल्लेत?"

"उघडा होता पुडा," सासूबाई म्हणाल्या. "चहाबरोबर संपवला. नरम पडले असते."

"अहो आई, तो यंत्राचा होता!"

"यंत्राला दात आहेत? मला तरी पाच आहेत."

माझं डोकं फिरलं. नवऱ्याने यंत्राचा खाऊ फोडला, सासूने तो चहात बुडवून खाल्ला आणि माझं टेबल गेलं खड्ड्यात! मी दोघांना स्कूटरवर घातलं आणि सिन्चूच्या त्या मेल्या वाऱ्यातून देवळात नेलं.

देवळात कौल लावायला लाकडाचे दोन तुकडे असतात. प्रश्न विचारून ते खाली टाकायचे. एक पालथा, एक उताणा पडला की देव हो म्हणाला. दोन्ही उताणे पडले की देव हसतोय.

पेंग गुडघ्यावर बसला. "पुडा लहान होता म्हणून रागावलात?" देव हसला. "पुडा फोडला म्हणून?" देव पुन्हा हसला. पेंगचा आवाज खाली गेला. "आईने खाल्ला म्हणून?"

एक पालथा, एक उताणा.

"बघ! माझ्यावरच येणार होतं सगळं," सासूबाई म्हणाल्या. "विचार त्यांना, आता काय हवंय."

"एक अख्खा पुडा ठेवू?" देव हसला. दोन? हसला. पेंग एकेक पुडा वाढवत गेला आणि देव हसतच राहिला. मागे रांग लागली, लोक कुरकुरायला लागले. एक बाई म्हणाली, "अहो, दुकानच घेऊन जा की!" शेवटी बारावर कौल मिळाला.

"बारा?" पेंग ओरडला. "तिथे जेमतेम एक मावतो!"

"मग रच एकावर एक," सासूबाई म्हणाल्या.

पेंगचं तोंड बघण्यासारखं झालं. ज्या थरांना आजवर नाक मुरडलं ते आता स्वतःच्या हाताने लावायचे, तेही सगळ्या विभागासमोर. आणि फुगलेले पुडे एकावर एक राहतात होय? घरी चारदा रचले, चारदा घसरले. मग त्याची नजर माझ्या गाडीवरच्या उकडायच्या बांबूच्या टोपल्यांवर गेली.

"खबरदार," मी म्हटलं.

"श्यूचू, टेबल," तो म्हणाला.

घेऊन गेला टोपल्या. त्या दिवशी मी गाडी लावलीच नाही. एकेका टोपलीत एकेक पुडा आडवा, टोपलीवर टोपली, असा मनोराच रचला त्याने त्या एका पुड्याएवढ्या जागेवर. वारा खेळायला बांबूच्या फटी होत्याच, दोऱ्याने बांधून काढल्यामुळे मनोरा हलतही नव्हता. सगळा विभाग वाकून उभा राहिला, पेंगने आईच्या वतीने माफी मागितली आणि बटण दाबलं.

यंत्र सुरू झालं! मला फोन आला तेव्हा मी गल्लीत इतक्या जोरात किंचाळले की शेजारच्या गाडीवाल्याच्या हातातून पळी पडली. लगेच फर्निचरच्या दुकानात जाऊन टेबल बघूनसुद्धा आले.

प्रयोग पार पडला. चिपा निघाल्या, दिसायला देखण्या. आणि तपासायला घेतल्या तर वीज झिरपत होती. देवाने यंत्र चालवून दिलं, पण भिंत जिथे संपते तिथे देव तरी काय करणार?

पेंग घरी येऊन बसला. राग आला होता, रडूही येत होतं. त्याचं उभं आयुष्य त्या बारीकपणात गेलं होतं आणि माझं त्याच्या पुढच्या मापाची वाट बघण्यात.

"त्सेंग साहेब टोपल्या बघायला आले होते," तो म्हणाला.

"हसले असतील."

"पोट धरून हसले. मग म्हणाले, एवढ्याशा जागेत बारा, पडत नाहीत, वर हवासुद्धा खेळते. आम्ही वर्षभर याच्यावरच डोकं फोडतोय, चिपांचे थर लावले की तापतात. मला थरांच्या विभागात बोलावलंय."

"आणि तू काय सांगितलंस? हमाल लावतात म्हणून?"

"जातो म्हणालो."

तो उठला. भिंतीकडेने ओळीने उभ्या असलेल्या त्या पाच फ्रिजांकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग बाहेर जाऊन बांबू आणि लोखंडी पट्ट्या घेऊन आला. दोन दिवस ठोकाठोक केली. मधे वारा खेळायला फट ठेवून पाचही फ्रिज एकावर एक चढवले, थेट छतापर्यंत. अंडी तेवढी सगळ्यात वर गेली. काढायला स्टुलावर चढावं लागतं, ते राहू दे.

मी दारात उभी राहिले आणि खोलीकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत ती जमीन मी पाहिलीच नव्हती.

"पण प्रयोग फसलाय," मी म्हटलं. "तुझ्यावर बंधन नाही."

"देवाला मी माप सांगणार नाही म्हणालो होतो," पेंग म्हणाला. "तू सांग. टेबल केवढं?"

यंदा वर्षअखेरच्या जेवणाला आमच्याकडे गोल टेबल होतं. दारातून आत येईना म्हणून दिरांनी दार उचकटलं, ते अजून बसवायचंय. वाफाळतं भांडं मधे ठेवलं, मासा ठेवला, कोंबडी ठेवली. पोरं, पुरुष, जावा, सगळे एकदम बसले. आणि एवढ्या मोठ्या टेबलावर समोर काय, तर त्या चिमणीच्या वाट्या! मोठ्या वाट्या आणायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सासूबाईंनी आपली वाटी उचलून डोळ्यांजवळ नेली आणि पेंगला लाडाच्या नावाने म्हणाल्या, "आ-तिंग, यात भात आहे का नुसता वास?"

सगळे इतके हसले की मासा हलला. मी सवयीने उठले, चुलीकडे जायला. पेंगने माझा हात धरून मला खाली बसवलं.

"बस ना," तो म्हणाला. "जागा आहे."

मी बसले. तोंड फिरवून डोळे पुसले आणि माझी वाटी पुढे केली.