बालीच्या बेतातून गाळलेली बुडी

माझी बायको पाण्याला भिते, असं मी माझ्या मोठ्या भावाला सांगितलं. ते धादांत खोटं होतं. ती तेव्हा स्वयंपाकघरात पोहे परतत होती आणि मधलं दार उघडं होतं.

लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून आम्ही बालीला जायचं ठरवत होतो. आमच्या घरात दोघांनीच निघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून दादा-वहिनीही सोबत येणार होते, आणि बेत ठरवायला त्यांना लातूरहून नांदेडला बोलावलं होतं. बायकोनं आधीच सगळं शोधून ठेवलं होतं. पहाटे ज्वालामुखीवर चढून सूर्योदय बघायचा, काळ्या वाळूच्या किनाऱ्यावरून पाठीला हवेची टाकी लावून समुद्रात बुडी मारायची, संध्याकाळी तिथंच मासे खायचे. डोंगर नि मासे आमच्यासाठी होते. ती चालली होती बुडीसाठी. तिचं माहेर निलंग्याकडचं. मळ्यातल्या विहिरीत पाठीला डबा बांधून ती पोहायला शिकली, आणि न्हाण आलं तसं वडलांनी तिचं विहिरीवर जाणं बंद केलं. हे सगळं मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

दादांनी मोबाइलवर बुडीचा फोटो बघितला. अंगाला चिकटलेल्या काळ्या पोशाखातली एक बाई होती.

"हे कोण घालणार? आपल्या घरातली बाई? अन् फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर?"

दादांना नाही म्हणायची मला सवय नाही. बायकोला नाही म्हणायची हिंमत नव्हती.

"न्हाई हो दादा," मी म्हणालो, "ती लई भिते पाण्याला. उगंच बघून ठेवलंय तिनं."

दादांनी बुडीच्या जागी दोन देवळं घातली आणि मासे काढून मराठी जेवण देणारं हॉटेल घातलं. बायको पोहे घेऊन आली. वहिनींना लिंबू हवं का, एवढंच तिनं विचारलं.

ते गेल्यावर मात्र घर पेटलं.

"त्या हॉटेलात पिठलं मिळतंय म्हणे," मी चाचरत म्हणालो.

"पिठलं खायला समुद्र ओलांडायचा? लातूरला काय वहिनींचा गॅस संपलाय?"

"ज्वालामुखी तरी बघशील ना."

"घरात हाय की एक. इतकी वर्षं बघून राहिले. नुसता धूर."

मग मी आणखी घाण केली. म्हणालो, तिथं दादा दुपारी झोपतील, तेवढ्यात गुपचूप बुडी मारून ये.

"चोरून?" तिनं हातातला टॉवेल माझ्या अंगावर फेकला. "मला पाण्यात उतरायला तुमच्या भावाची झोप लागती? जावा तुम्ही तिघं. माझं तिकीट काढू नका."

एजंटानं पासपोर्ट मागितले. तिनं तिचा दिला नाही. कबूल करतो, मला तिचाच राग आला होता. एवढ्याशा वाक्यावरून एवढं? आठवडाभर मी हेच घोळवत होतो. तिनं माझ्याशी बोलणं सोडलं, तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. तिच्या वडलांनी विहीर बंद केली ती निदान स्वतःच्या तोंडानं. मी समुद्र बंद केला, आणि नाव मात्र तिचं पुढं केलं.

रविवारी तिला लातूरला चल म्हणालो. कशाला, ते सांगितल्यावरच ती गाडीत बसली. अहमदपूर मागं गेलं तरी खिडकीबाहेरच बघत होती.

दादांच्या बैठकीत चहा यायच्या आधीच मी तोंड उघडलं.

"दादा, ती पाण्याला भीत न्हाई. मी तुम्हाला भितो. म्हणून खोटं बोललो."

दादांचा चेहरा लाल झाला. "बायकोनं पढवून आणलं व्हय?"

"न्हाई. ती बुडी मारणार, तोच पोशाख घालून. तुम्हाला बघवत नसंल तर तुम्ही बालीला येऊ नका."

असं मी दादांशी आयुष्यात बोललो नव्हतो. वहिनी ट्रे घेऊन दारातच थांबल्या. मी बायकोकडं वळलो. ती माझ्याकडं रोखून बघत होती, आणि त्या नजरेत अजून माया नव्हती.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुला न विचारता तुझं 'नाही' मी सांगून टाकलं. मला माफ कर."