राजाची उडी

आमच्या पपांना जगवायला मी एक यंत्र विकत आणलं आणि ते त्यांच्याच जिवावर उठलं.

झालं असं, की शिमशोनकाका गेले. काका म्हणजे पपांचे धाकटे भाऊ. अलिबागेपासून इस्रायलमधल्या पेताह तिक्वापर्यंत दोघे रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळत, म्हणजे भांडत! शिवा, म्हणजे आम्हा ज्यूंचं सुतक, संपली, सात दिवस झाकलेले आरसे उघडले, पण पपांनी पट काही उघडला नाही. जेवणही टाकलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "असंच चाललं तर लवकरच दुसरी शिवा बसेल." (इकडचे डॉक्टर धीर देण्यात पटाईत!)

मी तेल अवीवला दुकानात जाऊन विचारलं, "खेळणाऱ्यासाठी सगळ्यात चांगला बुद्धिबळाचा कॉम्प्युटर कुठला?"

"हा! थकत नाही, चुकत नाही, चाल परत घेऊ देत नाही!"

मी खूश. काका तर तिन्ही करायचे!

मोठ्या मिनतवारीने पपा बसले. डाव रंगला. चक्क आमटीभात मागितला! बायकोने डोळे पुसले. तेवढ्यात पपांचा राजा अडचणीत आला. त्यांनी शांतपणे तो उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवला.

"टीं!" लाल दिवा.

पुन्हा उडवला. "टीं! टीं!"

"एली, काय बोंबलतंय हे?"

"पपा, ते म्हणतंय राजाला उडी नाही."

"नाही कशी? डावात एकदा असते! आमच्या बाबांनी शिकवली, शिमशोनने जन्मभर मारली!"

माझी मुलगी आजोबांना हिब्रूत म्हणाली, "सबा, जगात कुठेच असा नियम नाही."

पपांनी ताट सरकवलं. "भाऊ मेला, आता त्याची उडी पण मेली काय?" आणि ते रडायला लागले. शिवेत न रडलेले पपा!

मी वायर उपटली, यंत्राच्या जागी स्वतः बसलो. "उडवा, पपा!"

उडवला. मी प्यादं सरकवलं. पपांनी उंट हलवला आणि लगेच मागे घेतला.

"चाल परत नाही!" मी ओरडलो.

"मेल्या, बापाशी भांडतोस?" म्हणत त्यांनी रागारागाने ताट ओढलं आणि जेवले.

तेव्हापासून मी रोज हरतो. कुणी विचारलं, चांगला कॉम्प्युटर कुठला, तर पपा माझ्याकडे बोट दाखवतात. "हा घ्या! वीज लागत नाही. आत डोकं तेवढं बसवायचं राहिलंय!"