टकल्याचा पोर

रविवारची दुपार. किहीमच्या एका रिसॉर्टमध्ये माडांच्या सावलीत पाहुण्यांची जेवणं चालली होती. एरवी मी काउंटरवर असायचो, पण त्या दिवशी गर्दी होती म्हणून सोलकढीचे ग्लास घेऊन फिरत होतो. मालक मागून आला आणि त्यानं माझ्या डोक्यावरची टोपी उचलून हवेत धरली.

"हा आमचा ज्युनियर टकला," तो पाहुण्यांना म्हणाला. "सीनियर वर आहे. वर बघा."

सगळ्यांनी वर बघितलं. वर माझा बाप होता. कमरेला कोयता, माडावर पाय आवळून नारळ तोडत होता. त्याच्या डोक्यावर केस नव्हते आणि ऊन सरळ डोक्यावर पडलं होतं. एका बाईनं आधी त्याचा फोटो काढला, मग माझा. एका पोरानं मोबाइलचा टॉर्च माझ्या टाळूवर मारला. भर दुपारी. सगळे पोट धरधरून हसले.

बाप वरून हसला. मीही हसलो.

मालकाचा राग तर आजही येतो. पण त्या हसण्याचा जास्त येतो. चोवीस वर्षांचा घोडा होतो मी. हातात ट्रे होता, आपटता आला असता. मी काय केलं? "सर, टोपी द्या ना" म्हणालो. गयावया केली.

ती टोपीही मालकाचीच. काउंटरवर आम्ही तिघं बसायचो, टोपी फक्त मला. "पाहुणा आत आला आणि पहिलं तुझं टक्कल दिसलं, बरं नाही वाटत," असं त्यानं कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे डोकं झाकायचं त्याच्या हुकमानं आणि चारचौघांत उघडं पडायचं तेही त्याच्याच हुकमानं.

बाप तिथे वीस वर्षं माळी होता. वीस वर्षांत तिथे त्याला नाव नव्हतं. टकला. मालकाची शाळकरी मुलगी लांबून ओरडायची, "टकलू, नारळपाणी!" आणि माझा बाप तिला "आणतो ताई" म्हणायचा. घरी येऊन कधी एक शब्द बोलला नाही. मी एकदा चिडलो तर म्हणाला, "जाऊ दे रं. डोक्यावर न्हाय तर न्हाय. हाताला काम हाय ना?"

माझे केस बाविसाव्या वर्षी जायला लागले. आधी कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून, मग टाळूवरून. कॉलेजात मी शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागलो, कारण तिथे मागे कुणी नसतं. आमच्याकडे केस गळले की लोक विहिरीला शिव्या घालतात. समुद्र उशाशी, पाणी खारट, त्यानं केस जातात, असं अख्खा गाव मानतो. माझी आई रोज सकाळी दोन कॅन घेऊन डोंगराकडच्या विहिरीवर जायची. गोडं पाणी आणायला. पिण्यासाठी नाही, माझ्या डोक्यासाठी. तीन वर्षं आणलं तिनं. गुडघे धरून उंबऱ्यावर बसायची आणि म्हणायची, "येतील रं, जरा धीर धर." शिवाय कांद्याचा रस झाला, जास्वंदीचं तेल झालं, अलिबागहून आणलेल्या महागड्या बाटल्या झाल्या. एका मुलीकडच्यांनी निरोप पाठवला, टोपी नसलेला फोटो पाठवा. पाठवला. पुढे निरोप आलाच नाही.

सगळ्या जगात हे माझ्या एकट्याच्याच वाट्याला आलंय, असं मला वाटायचं. लाज वाटायची. चोरी केल्यासारखी लाज.

गेल्या वर्षी बाप गेला. कामावर, नारळाच्या वाडीत पाण्याचा पाइप ओढताना छातीत कळ आली, माडाला टेकून खाली बसला, तो उठलाच नाही. संध्याकाळी रिसॉर्टच्या स्टाफच्या ग्रुपवर मालकाचा मेसेज आला. "आपला टकलू गेला. फार वाईट वाटलं." पुढे जोडलेले हात.

तो वाचून मला रडू आलं नाही. मी त्यात नाव शोधलं. ज्यानं वीस वर्षं त्याचे माड जगवले, त्याचं नाव मेल्यावरसुद्धा मालकाला लिहिता आलं नाही. लिहिणार कुठून? त्यानं ते कधी विचारलंच नव्हतं.

दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो. आमच्यात बाप गेला की मुलगा डोकं करतो आणि धाकटी भावकीही करते. मी आणि माझे तीन चुलत भाऊ दगडांवर ओळीनं बसलो. एक उरणला कंटेनर यार्डात आहे, एक दुबईहून धावत आलेला, तिसरा अलिबागला दुकानात कामाला. सगळे तिशीच्या आतले. गावचा न्हावी, आम्ही त्याला मामा म्हणतो, वस्तरा घेऊन पुढे आला आणि दुबईवाल्यापाशी थबकला.

"काढ रं ते," मामा हळूच म्हणाला.

भावानं मान खाली घातली. कपाळाकडून नख घालून त्यानं अख्खे केसच सोलून काढले. चिकटवलेला विग होता. त्याच्या बायकोशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. तो रडत होता, ते काकासाठी की त्या विगासाठी, कुणास ठाऊक.

चौघांची डोकी झाली. वस्तरा फिरला तरी जिथे केस उगवतात तिथे निळसर सावली राहते, आणि जिथे उगवतच नाहीत तिथलं कातडं गुळगुळीत दिसतं. मी एकेकाकडे बघत गेलो. चार डोकी, आणि चौघांची सावली एकाच ठिकाणी संपलेली.

"माझे हेल्मेटनं गेले," उरणवाला म्हणाला.

"माझे तिकडच्या पाण्यानं," दुबईवाला.

"मला टेन्शन फार आहे," अलिबागवाला म्हणाला. मी आमच्या विहिरीचं सांगितलं.

मामा वस्तरा पुसत होता. "हेल्मेट न्हाय नि पानी न्हाय," तो म्हणाला. "तुमच्या आज्याचं डोकं मीच करायचो. असंच व्हतं. रक्तातच हाय ते. नि तुमच्याच न्हाय, गावात घरोघर हाय. तरणी पोरं मागल्या दारानं येतात माज्याकडं. परतेकाला वाटतं, आपलं एकट्याचंच हाय."

माझं डोकं फिरलं. घरोघर असलेली गोष्ट! नाकासारखी, उंचीसारखी. आणि तिच्यापायी माझ्या आईनं गुडघे झिजवले, मी तारुण्य मागच्या बाकावर घालवलं, माझ्या बापाचं नाव पुसलं गेलं.

आणि मालक? मालकाचं स्वतःचं काय होतं? काउंटरच्या मागे उद्घाटनाचा जुना फोटो लावलेला आहे. त्यात मालकाचं डोकं माझ्यासारखंच आहे. मग मध्ये काही महिने तो टोपी घालून यायचा. टोपी उतरली तेव्हा पुढे केसांच्या ओळी होत्या, भाताची लावणी केल्यासारख्या. स्टाफमधल्या सगळ्यांनी ते बघितलं. कुणी ब्र काढला नाही. त्याच्या टकलाला इज्जत होती. आमचं टक्कल पाहुण्यांच्या करमणुकीला होतं.

तेराव्यानंतर मी कामावर गेलो. टोपी घरीच ठेवली. मालकानं मला बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि ड्रॉवरमधून एक डबा काढला. आत विग होता.

"काउंटरवर बसायचं तर हा घाल," तो म्हणाला. "नाहीतर वाडीत जा. टकल्याची जागा रिकामीच आहे."

माझ्या घरात आता कमावणारा मी एकटा. हे त्याला पक्कं माहीत होतं.

मी डबा त्याच्याकडे सरकवला. "नाही घालणार," म्हणालो.

तो हसला. काउंटरच्या बाजूला दोन पाहुणे उभे होते, त्यांच्याकडे बघून हसला, आणि नेहमीसारखी टपली मारायला त्यानं माझ्या उघड्या डोक्याकडे हात नेला.

मी तो हात मनगटात धरला.

"अरे, मजाक करतोय. सोड."

"माझ्या बापाचं नाव काशिनाथ," मी म्हणालो. "म्हणा."

"पागल झाला काय तू?"

"काशिनाथ. म्हणा."

त्याचा चेहरा लाल झाला, पण तोंडातून नाव निघेना. मी हात सोडला तेव्हा त्याच्या मनगटावर माझी बोटं उमटली होती. त्यानं मला त्याच मिनिटाला कामावरून काढलं. मी ग्रुपवर बापाचं पूर्ण नाव लिहिलं, आणि मग त्यानं मला तिथूनही काढलं.

आता मी नागावच्या किनाऱ्यावर बोटींची तिकिटं फाडतो. पैसे कमी मिळतात. उन्हात उभा राहतो, उघड्या डोक्यानं. आईचे कॅन मी माळ्यावर टाकले.

मालकाची गाडी आठवड्यातून दोनदा आमच्या रस्त्यानं जाते. नाव त्यानं अजून घेतलेलं नाही. जिथे भेटेल तिथे मी त्याला विचारणार आहे. बाजारात, जेट्टीवर, त्याच्या पाहुण्यांसमोर, त्याच्या मुलीसमोर. माझ्या बापाचं नाव काय? तो म्हणेपर्यंत विचारणार आहे.