बंद दुकानातला पंखा

नळावरून बादली घेऊन वळले तर गुड्डी दारात नव्हती. चप्पल तिथंच, पोरगी नाय.

मी गल्लीभर पळाले. पंचवटीतली आमची गल्ली आता ओळखू येत नाय, जुनी घरं पाडून टॉवर चाललेत, सगळीकडं खड्डे, सळया, पाण्याच्या टाक्या. टाक्यांत पण वाकून बघितलं. मग शिंप्याच्या दुकानापाशी आले. लग्न होऊन आले तेव्हापासून ते शटर उघडलेलं कधी बघितलं नाय. कान लावला तर आत घरघर आवाज. बंद दुकानात कोण असणार? मी पोलिसांना फोन लावला, रडत सांगितलं, माझी पोरगी आत कोंडलीय.

हवालदार साहेब आले, सोबत एक पोलीस मॅडम. साहेब मलाच विचारायला लागले, "ताई, शेवटची कुठं बघितली? घरात भांडण? नवरा कुठंय?"

"कंपनीत. तुम्ही कुलूप तोडा ना."

त्यांनी कान लावला, दोन पंच बोलावले, कुलूप तोडलं. आत धूळ, जाळी, गंजलेलं मशीन. आणि एक टेबल फॅन, भिंतीकडं तोंड करून फिरतोय. गुड्डी नाय.

तोवर मॅडमना ती समोरच्या साइटवर सापडली, वॉचमनच्या बायकोकडं भात खात बसलेली. मी आधी धपाटा घातला, मग छातीशी धरलं.

संध्याकाळी जबाबाला चौकीत गेले तर शिंपी बाबा बसलेला, दिंडोरीला लेकाकडं राहतो, तिथून बोलावला होता.

"बाबा, गिऱ्हाईक नाय, मग पंखा कुणाला?" साहेबांनी विचारलं.

बाबा म्हणाला, "मीटर फिरायला पाहिजे ना साहेब, लाईटबिल आलं की दुकान चालू दिसतं. मी भाडेकरू, मालकाला टॉवर बांधायचाय. दुकान वापरात नाय असं ठरलं तर कोर्ट मला काढतं. हात थरथरतो, सुई धरवत नाय. नव्या बिल्डिंगीत गाळा मिळाला तर नातीला होईल."

"मग पंचनाम्यात काय लिहू?"

"दिसलं तेच लिहिणार तुम्ही."

साहेबांनी दिसलं तेच लिहिलं. निघताना मला म्हणाले, "नोकरीत लय कुलपं तोडली, ताई. चोर कमीच सापडले."

आता मालकाचा वकील घरी येऊन गेला. "कोर्टात एवढंच सांगा, दुकान कधी उघडं बघितलं नाय." खोटं नाय ते. आमची खोली पण त्याच मालकाची. आमचे हे म्हणतात, सांगून मोकळी हो.

बाबा रस्त्यात भेटला. दुकानाचं काहीच बोलला नाय. गुड्डीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "पोर सापडली ना, बास." रागावला असता तर बरं झालं असतं.

उद्या तारीख आहे. खरं बोलले तर त्याच्या नातीचा गाळा जातो, खोटं बोलले तर शपथ मोडते आणि आमची खोली पण जाईल. तुम्ही माझ्या जागी असता तर काय बोलला असता?